तुमच्या व्हिडिओंचं गोदाम कुणाच्या ताब्यात आहे? जुन्या लॅपटॉपवर घरचा व्हिडिओ सर्व्हर



या आठवड्याच्या व्हिडिओत मी एक जुना लॅपटॉप, एक हार्ड डिस्क आणि घरचा टीव्ही एवढंच सामान दाखवलं. व्हिडिओत सगळं पटापट होतं. प्रत्यक्ष करायला बसलं की नेमकं कुठे अडतं, ते लिहून दिलेलं बरं, म्हणून हा लेख. चहा घेऊन बसा, आणि करताना शेजारी उघडा ठेवा.

आधी एक प्रश्न विचारते. तुमच्या दुकानात किती माल आहे, कुठल्या फळीवर आहे, हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. बरोबर? आता सांगा, तुमच्या धंद्याचे आणि घरातले व्हिडिओ कुठे आहेत? थोडे या फोनमध्ये, थोडे जुन्या फोनमध्ये, काही व्हॉट्सॲपवर, काही कपाटातल्या हार्ड डिस्कवर. ती हार्ड डिस्क शेवटची कधी लावून बघितली?

मी हे शहाणपणाने विचारत नाहीये. ठेच लागली म्हणून विचारतेय.

माझी हार्ड डिस्क पडली तेव्हा

माझ्याकडे दोन टीबीची एक बाहेरून लावायची हार्ड डिस्क होती. सहा वर्षांच्या कार्यशाळांचं रेकॉर्डिंग तिच्यावर. एका संध्याकाळी वायरीत पाय अडकला आणि चालू डिस्क टेबलावरून खाली फरशीवर पडली. पुन्हा लावली तर टक-टक-टक असा आवाज. दुरुस्तीवाल्याने दोन आठवडे ठेवून घेतली आणि हात जोडून परत दिली.

माझी लेक्चरं गेली याचं फार वाईट वाटलं नाही. लेक्चर पुन्हा देता येतं. पण माझ्या पहिल्याच कार्यशाळेत माझे बाबा मागच्या रांगेत येऊन बसले होते आणि शेवटी हात वर करून त्यांनी मला प्रश्न विचारला होता, "उधारी मागायची लाज वाटते, त्याचं काय करायचं?" सगळा हॉल हसला होता. बाबा आता नाहीत. ते बोलत असलेला तेवढाच एक व्हिडिओ होता आमच्याकडे.

नंतर विचार केला तेव्हा चूक कळली. डिस्क पडणं हा अपघात होता. चूक ही की, एकच प्रत होती, आणि तीही कपाटात बंद. दोन-तीन वर्षांत कुणीही तो व्हिडिओ बघितला नव्हता. जी वस्तू रोज वापरात असते, तिचं काय बिघडलंय ते लगेच कळतं. जी कपाटात असते, तिचं कळतं ते गरज पडल्यावर.

म्हणून आजचा मुद्दा एकच आहे. व्हिडिओ नुसते साठवू नका, घरात सगळ्यांना बघता येतील असे मांडून ठेवा. आणि मांडून ठेवल्यावर दुसरी प्रत करायला विसरू नका. पहिलं काम सर्व्हर करतो. दुसरं तुम्हालाच करावं लागतं.

सर्व्हर म्हणजे नक्की काय?

शब्द मोठा आहे, वस्तू साधी आहे. घरातला एक कॉम्प्युटर सतत चालू ठेवायचा, त्याला व्हिडिओंचं फोल्डर दाखवायचं आणि त्यावर एक सॉफ्टवेअर टाकायचं. मग घरातल्या वाय-फायवर असलेला कुठलाही फोन, टॅब्लेट, टीव्ही ब्राउझर उघडून ते व्हिडिओ बघू शकतो. दिसायला अगदी ओटीटीसारखं: चित्रांच्या चौकटी, शोधायची सोय, काल जिथे थांबलात तिथून पुढे सुरू. फरक एवढाच की माल तुमचा, गोदाम तुमचं, आणि भाडं नाही.

मी वापरते ते सॉफ्टवेअर म्हणजे जेलीफिन. ते मोफत आहे आणि ओपन सोर्स आहे. २०१८ मध्ये एम्बी नावाच्या सॉफ्टवेअरने आपला कोड खुला ठेवणं थांबवलं, तेव्हा काही जणांनी आधीचा खुला कोड घेऊन जेलीफिन सुरू केलं. प्लेक्स हेही याच कामाचं प्रसिद्ध सॉफ्टवेअर आहे, पण त्यात त्यांच्याकडे खातं उघडावं लागतं आणि काही सोयींना पैसे पडतात. जेलीफिनमध्ये युजरनेम-पासवर्ड तुमच्याच कॉम्प्युटरवर राहतो. आपल्यासारख्यांना तेवढं पुरतं.

एक उदाहरण घेऊन चालू

आपल्या बॅचमधल्या एक ताई कोल्हापूरकडे कांदा-लसूण मसाल्याचा व्यवसाय करतात. प्रमाण, भाजण्याची पद्धत, मिरची कितपत वाळवायची, हे सगळं सासूबाईंच्या हातात. ताईंनी हुशारीने सासूबाईंचे व्हिडिओ काढून ठेवले होते, पण तीन फोनमध्ये विखुरलेले. नवीन बाई कामाला आली की ताईंनी स्वतः उभं राहून शिकवायचं. सीझनमध्ये ते जमायचं नाही, आणि मग एखादी खेप करपायची.

बघा, ताईंच्या धंद्यात सगळ्यात महाग माल कुठला? मिरची नव्हे. सासूबाईंना जे येतं, ते. आणि ते तीन फोनच्या मेमरीत अडकलेलं. त्यांच्याकडे जसं केलं, तसंच पायरीपायरीने सांगते.

पायरी १: मशीन

नवीन काही घेऊ नका. घरात पडलेला लॅपटॉप बघा. इंटेलचा सहाव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि आठ जीबी रॅम असेल तर उत्तम. चार जीबीवरही घरापुरतं काम निघतं.

लॅपटॉप जुना असेल तर विंडोज ११ त्यावर चढणार नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा मशीनवर उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाका. घाबरू नका, एखाद्या कॉलेजच्या पोराला सोबत बसवा, दुपारभराचं काम आहे.

लॅपटॉपचा एक फायदा म्हणजे वीज गेली तरी बॅटरीवर थोडा वेळ तग धरतो. (राउटर इन्व्हर्टरवर नसेल तर मात्र वाय-फाय जाईल, हे लक्षात ठेवा.) एक धोकाही आहे. सतत चार्जिंगला असलेली जुनी बॅटरी फुगू शकते. महिन्यातून एकदा लॅपटॉप उचलून खालून बघा. फुगवटा दिसला तर बंद करून बॅटरी काढून घ्या, चालढकल नको.

विजेचा हिशेब विचाराल, कारण आपण धंदेवाली माणसं. मशीन सरासरी २५ वॅट खात असेल, तर २४ तास आणि ३० दिवस म्हणजे महिन्याला १८ युनिट. आठ रुपये युनिट धरला तर १४४ रुपये. तुमच्या बिलावरचा दर घालून स्वतः गुणाकार करा.

पायरी २: जागा किती लागेल?

हा हिशेब पाठ करून टाका. फुल एचडी व्हिडिओ साधारण ८ मेगाबिट प्रति सेकंदाचा धरला, तर सेकंदाला १ एमबी होतो. म्हणजे मिनिटाला ६० एमबी, तासाला ३.६ जीबी. १ टीबीच्या डिस्कवर असे सुमारे २७५ तास बसतात. फोनमधून थेट काढलेला व्हिडिओ याच्या दुप्पटही असू शकतो, म्हणून मोकळी जागा धरून चाला. ताईंचे सगळे व्हिडिओ मिळून ४० तासही भरले नाहीत.

पायरी ३: माल गोळा करा, नावं द्या

फोनमधून व्हिडिओ काढताना केबल लावून कॉपी करा. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केलेला असतो; एकदा गेलेली स्पष्टता परत येत नाही. तुमच्या यूट्यूब चॅनलवरचे व्हिडिओ परत उतरवून घेता येतात, पण तेही कम्प्रेस झालेले. मूळ फाइल सापडत असेल तर तीच घ्या.

मग फोल्डर करा. ताईंकडे दोनच मोठी फोल्डर आहेत: 'कामाचे' आणि 'घरचे'. आतल्या फाइलच्या नावात आधी वर्ष-महिना, मग विषय: '२०२४-०३ मिरची भाजणे', '२०२४-०४ कांदा वाळवणे'. तारीख पुढे असली की फाइल आपोआप ओळीने लागतात. नावं मराठीत चालतात. 'व्हिडिओ नवीन फायनल २' अशी नावं मात्र आजपासून बंद.

पायरी ४: जेलीफिन बसवा

जेलीफिनच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा. बसवून झालं की त्याच मशीनवर ब्राउझरमध्ये 'लोकलहोस्ट', मग कोलन, मग ८०९६ असं टाइप करा. हा जेलीफिनचा ठरलेला दरवाजा क्रमांक. पहिल्यांदा तो काही प्रश्न विचारतो.

भाषा निवडा. युजरनेम आणि पासवर्ड द्या. पासवर्ड रिकामा सोडू नका आणि मोबाइल नंबर तर ठेवूच नका. मग 'ॲड मीडिया लायब्ररी'. इथे बरेच जण चुकतात. स्वतःच्या व्हिडिओंसाठी प्रकार निवडायचा 'होम व्हिडिओज अँड फोटोज'. 'मूव्हीज' निवडलंत तर तो तुमच्या मिरची भाजण्याच्या व्हिडिओला इंटरनेटवर एखाद्या सिनेमाचं पोस्टर शोधत बसेल!

लिनक्स असेल तर अजून एक ठिकाणी अडतं. लायब्ररी जोडली तरी आत काहीच दिसत नाही. कारण जेलीफिन स्वतःच्या वेगळ्या युजरच्या नावाने चालतं आणि त्या युजरला तुमचं फोल्डर वाचायची परवानगी नसते. फोल्डरच्या परवानग्यांमध्ये त्याला वाचायची मुभा द्या, लायब्ररी पुन्हा स्कॅन करा.

पायरी ५: घरातल्या दुसऱ्या फोनवर दिसू द्या

सर्व्हरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये त्याचा आयपी पत्ता दिसेल. समजा तो १९२.१६८.१.५० आहे. मग फोनच्या ब्राउझरमध्ये टाइप करायचं १९२.१६८.१.५०:८०९६ (अर्थात इंग्रजी आकड्यांत). जेलीफिनचं पान आलं की जिंकलात. अँड्रॉइड टीव्हीसाठी प्ले स्टोअरवर जेलीफिनचं ॲप आहे, त्यातही हाच पत्ता द्यायचा.

नाही आलं? या क्रमाने तपासा:

- फोन आणि सर्व्हर एकाच वाय-फायवर आहेत ना? 'गेस्ट' वाय-फायवरून बहुतेक वेळा घरातली इतर मशीनं दिसत नाहीत.
- विंडोज असेल तर नेटवर्क 'प्रायव्हेट' आहे ना, आणि फायरवॉलमध्ये जेलीफिनला परवानगी आहे ना?
- लॅपटॉप झोपलाय का? पॉवर सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' करा आणि झाकण बंद केल्यावर 'डू नथिंग' निवडा. पण झाकण बंद करून वर टॉवेल, वह्या ठेवू नका. मशीनला हवा लागते.
- काल चालत होतं, आज नाही? राउटरने पत्ता बदलला असेल. राउटरच्या सेटिंगमध्ये सर्व्हरसाठी पत्ता राखून ठेवा, म्हणजे ही कटकट कायमची संपते.

आणि शक्य असेल तर सर्व्हर राउटरला लॅन केबलने जोडा. व्हिडिओ अडखळण्याच्या निम्म्या तक्रारी वायरने मिटतात, हा माझा अनुभव.

पायरी ६: व्हिडिओ अडकत असेल तर

इथे दोन शब्द समजून घ्या. डायरेक्ट प्ले म्हणजे तयार मापाचा ड्रेस: काढला, दिला, गिऱ्हाईक खूश. ट्रान्सकोडिंग म्हणजे गिऱ्हाईक समोर उभं असताना ड्रेस उसवून त्याच्या मापाचा शिवून देणं. समोरच्या टीव्हीला किंवा ब्राउझरला फाइलचा प्रकार समजत नसेल, तर सर्व्हरला तो चालता चालता बदलून द्यावा लागतो, आणि जुना लॅपटॉप तिथे धापा टाकतो.

उपाय दोन. पहिला, आधीच मापाचं शिवून ठेवा. हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात एमपी४ फाइल, एच.२६४ व्हिडिओ आणि एएसी आवाज निवडला की ती फाइल जवळपास सगळीकडे थेट चालते. मूळ फाइल मात्र फेकू नका, ती वेगळी ठेवा. दुसरा, इंटेलच्या प्रोसेसरमध्ये क्विक सिंक नावाची सोय असते. जेलीफिनच्या डॅशबोर्डमध्ये प्लेबॅकखाली ती चालू केली की शिवणकाम प्रोसेसरच्या खास भागाकडे जातं आणि ताण कमी होतो. रास्पबेरी पाय ५ घ्यायचा विचार असेल तर थांबा: त्यात एच.२६४ व्हिडिओ तयार करणारा हार्डवेअर भागच नाही, त्यामुळे ट्रान्सकोडिंगला तो कच्चा पडतो.

पायरी ७: कुणाला काय दिसेल ते ठरवा

डॅशबोर्डमध्ये 'युजर्स' आहे. ताईंनी तीन खाती केली. स्वतःचं, घरच्यांचं आणि 'कारखाना' नावाचं. कारखान्याच्या खात्याला फक्त 'कामाचे' लायब्ररी दिसते. नातवाचं बारसं कामगारांच्या टॅब्लेटवर कशाला? व्हिडिओ डिलीट करायची परवानगी एकट्या ताईंकडे.

घराबाहेरून बघायचं असेल तर राउटरमधून ८०९६ चा दरवाजा थेट इंटरनेटला उघडून देऊ नका. दुकानाचं शटर उघडं टाकून गावाला जाण्यासारखं आहे ते. शिवाय आपल्याकडे बऱ्याच कनेक्शनना स्वतंत्र पब्लिक आयपी मिळतच नाही, एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे ती युक्ती चालतही नाही. त्यापेक्षा टेलस्केलसारखं व्हीपीएन सर्व्हरवर आणि तुमच्या फोनवर टाका. एकाच खात्याने दोन्हीकडे लॉग-इन केलं की सर्व्हरला एक वेगळा पत्ता मिळतो. तो पत्ता आणि पुढे ८०९६ टाकलं की तुम्ही कुठेही असा, घरात असल्यासारखं दिसतं. तिथे वेग ठरतो तो घरच्या कनेक्शनच्या अपलोड स्पीडवर, डाउनलोडवर नाही. मोफत प्लॅन वैयक्तिक वापरासाठी असतो, त्यामुळे व्यवसायासाठी वापरणार असाल तर अटी वाचून घ्या.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते. हे गोदाम स्वतःच्या मालासाठी आहे. कुठून तरी उतरवलेले सिनेमे भरून दुकानात गिऱ्हाइकांसमोर लावणं हा कॉपीराइट कायदा १९५७ चा भंग आहे. स्वतःच्या कष्टाचे पैसे मागणारे आपण, दुसऱ्याचे बुडवायला नकोत.

सगळ्यात महत्त्वाचं: सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे

इथवर आल्यावर लोक निर्धास्त होतात. मीही झाले असते. पण सर्व्हरवर अजून एकच प्रत आहे! फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला ३-२-१ चा नियम लक्षात ठेवा: एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर.

ताईंचं गणित असं आहे. एक प्रत सर्व्हरवर. दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर. दर अमावास्येला दुकान बंद असतं, त्या दिवशी नवीन फाइल तिच्यावर जातात आणि मग ती डिस्क काढून ठेवली जाते. निवडक व्हिडिओंची तिसरी प्रत पेन ड्राइव्हवर, माहेरी भावाकडे. गणपतीला गेल्या की बदलून आणतात. आणि कॉपी झाल्यावर प्रत्येक वेळी बॅकअपमधली एक फाइल उघडून दोन मिनिटं बघायची. न उघडलेला बॅकअप म्हणजे न मोजलेला गल्ला.

यूट्यूब सोडा असं मी म्हणत नाहीये हं. यूट्यूब म्हणजे बाजारपेठेतलं दुकान, गिऱ्हाईक तिथेच येतं. पण दुकानात मांडलेला माल वेगळा आणि गोदामातला वेगळा.

मग ताईंकडे काय झालं?

सर्व्हर सुरू झाला त्या संध्याकाळी सगळं घर टीव्हीसमोर बसलं. सासूबाईंनी स्वतःला मोठ्या पडद्यावर पहिल्यांदाच बघितलं. थोडा वेळ लाजल्या. मग एकदम म्हणाल्या, "थांबव गं. खोबरं काढायचं कधी ते मी सांगितलंच नाही यात. हे बघून कुणी केलं तर मसाला कडू होईल. उद्या परत काढ."

दोन वर्षं तो व्हिडिओ फोनमध्ये पडून होता. चूक त्यातच होती. कुणी बघितलाच नाही, म्हणून कुणाला कळली नाही. दुसऱ्या दिवशी नवीन व्हिडिओ काढला. आता नवीन आलेली बाई आधी टॅब्लेटवर तो बघते, मग कढईपाशी जाते. सासूबाई शेजारी खुर्ची टाकून बसतात, पण ओरडायची वेळ कमी येते.

या रविवारचा गृहपाठ

सर्व्हर लगेच नाही जमला तरी चालेल. या रविवारी एवढंच करा: घरातले सगळे फोन आणि डिस्क एका टेबलावर आणा, आणि जो व्हिडिओ गेला तर परत काढता येणार नाही असा एक शोधा. एकच. त्याच्या आज दोन प्रती करा. मग पुढच्या रविवारी लॅपटॉप उघडू.

माझ्याकडे तेव्हा दुसरी प्रत नव्हती. तुमच्याकडे असू द्या.

कुठे अडलात तर खाली कमेंटमध्ये लिहा, कुठल्या पायरीवर आणि स्क्रीनवर काय दिसतंय ते नीट सांगा. मी उत्तर देईन. भेटू पुढच्या व्हिडिओत!